चार दिवसांचा बर्फ: कॅम्पिंगला जाताना आइसबॉक्स कसा भरावा

सहा माणसं, चार दिवस, एप्रिल महिना. पुण्याहून ताम्हिणी उतरायची, माणगाव-मंडणगड करत दापोलीच्या किनाऱ्यावर पोचायचं आणि सुरूच्या बनात तंबू ठोकायचे. अशा बेतात तंबूच्या खुंट्यांपासून डासांच्या उदबत्तीपर्यंत सगळ्याची यादी होते. आइसबॉक्स मात्र निघायच्या सकाळी घाईघाईत भरला जातो. ओट्यावरचं सामान आत, वरून दोन पिशव्या बर्फ, झाकण बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडून बघावं तर कोमट होत चाललेल्या पाण्यात दुधाच्या पिशव्या तरंगत असतात आणि चिकनच्या डब्याचं काय करायचं यावर खल सुरू होतो. मग सगळे बॉक्सला नावं ठेवतात.

महागातला बॉक्स घ्यायला हरकत नाही, पण बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो. बर्फ कुठे खर्च होतो हे आधीच माहीत असेल तर मध्यम किमतीच्या बॉक्समध्येही चौथ्या दिवशी सकाळी चहाला चांगलं दूध मिळतं. हिशोब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. तो एकदा नीट मांडू या.

बर्फ जातो कुठे?

आइसबॉक्स काहीही थंड करत नाही. फ्रिजला वीज मिळते, त्याचा कॉम्प्रेसर आतली उष्णता उचलून बाहेर टाकत राहतो. आइसबॉक्समध्ये उष्णता बाहेर टाकणारं काहीच नसतं. आत शिरलेली उष्णता आतच राहते आणि ती शोषून घ्यायला फक्त बर्फ असतो. बॉक्सचं काम एवढंच, की बाहेरची उष्णता हळू आत येऊ द्यायची. घरून निघताना जेवढा बर्फ भरला तेवढी शिल्लक, आणि तिथून पुढे फक्त खर्च.

ही शिल्लक किती, ते मोजता येतं. एक किलो बर्फ वितळायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला लागते फक्त १ किलोकॅलरी. म्हणजे शून्य अंशाच्या बर्फाचं शून्य अंशाचं पाणी होताना जेवढी उष्णता खपते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. आणि वितळणं चालू असेपर्यंत बर्फाचं तापमान शून्यावरच राहतं. बर्फाची सगळी ताकद या वितळण्यात आहे. फ्रीझरमधून काढलेला उणे १८ अंशांचा बर्फ शून्यावर येताना किलोमागे आणखी ९ किलोकॅलरी घेतो, म्हणजे दहा-अकरा टक्क्यांची भर. ती मिळाली तर हवीच आहे, पण खरं काम ८० चं.

आता खर्च. पहिला भिंतींमधून. ५० लिटरचा बॉक्स धरा, चहूबाजूंनी चार सेंटिमीटर जाडीचा पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम. त्याचा पृष्ठभाग एक चौरस मीटरच्या आसपास भरतो. बाहेर दिवसरात्रीची सरासरी ३० अंश, आत तीन अंश. या फरकाने भिंतींमधून सतत सोळा-सतरा वॅट उष्णता आत येत राहते. रात्री लावायचा जुना झिरोचा बल्ब साधारण पंधरा वॅटचा असायचा. तसा एक बल्ब बॉक्सच्या आत रात्रंदिवस जळतोय असं समजा. त्यापायी २४ तासांत चार ते साडेचार किलो बर्फ वितळतो. फोम दोनच सेंटिमीटरचा असेल तर खर्च थेट दुप्पट. तीन सेंटिमीटर जाडीच्या थर्माकोलच्या डब्याचा रोजचा खर्च सात किलोच्या घरात जातो, आणि त्याचं झाकण घट्ट बसत नाही ते वेगळंच.

इथे एक गोष्ट तपासून बघा. स्वस्तातल्या बऱ्याच बॉक्सच्या भिंतींमध्ये फोम असतो, पण झाकण पोकळ असतं. बोटाने टकटक केली की कळतं. अशा झाकणाच्या आतल्या बाजूला थर्माकोलची किंवा फोमची शीट मापात कापून बसवली आणि वरून एक जुनी गोधडी टाकली, तर थोड्या पैशांत बराच बर्फ वाचतो. नवीन बॉक्स घेण्याआधी हे करून बघावं.

दुसरा खर्च गरम सामानाचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बर्फ फुकट जातो तो इथेच. ३० अंशांची एक लिटरची पाण्याची बाटली ४ अंशांवर आणायची तर तिच्यातून २६ किलोकॅलरी काढाव्या लागतात. ८० ने भागा. सव्वातीनशे ग्रॅम बर्फ एका बाटलीमागे गेला. वाटेत दुकानातून पाणी आणि कोल्ड्रिंकच्या मिळून बारा बाटल्या घेतल्या आणि तशाच बॉक्समध्ये सारल्या, तर जवळजवळ चार किलो बर्फ गेला. भिंतींचा पूर्ण दिवसाचा खर्च दापोलीला पोचायच्या आतच होऊन जातो. याच बाटल्या आदल्या दिवशी घरच्या फ्रिजमध्ये गार केल्या असत्या तर हा खर्च विजेच्या बिलात गेला असता, बर्फाच्या साठ्यातून नाही. सकाळी केलेली भाजी, उकडलेले बटाटे, कोमट भात यांनाही हेच लागू. आइसबॉक्समध्ये जाणारी प्रत्येक वस्तू आधी फ्रिजमध्ये पूर्ण थंड झालेली हवी, आणि जी गोठवता येईल ती गोठलेली.

तिसरा खर्च झाकणाचा. "झाकण उघडं ठेवू नका रे!" हे वाक्य प्रत्येक कॅम्पवर ऐकू येतं. ते चूक नाही, पण आकडा बघा. ५० लिटर हवेचं वजन असतं जेमतेम ६० ग्रॅम. बॉक्स पूर्ण रिकामा आहे असं समजून आतली सगळी हवा बदलली असं धरलं, तरी ती नवी दमट हवा गार करायला सुमारे एक किलोकॅलरी लागते, म्हणजे बारा-तेरा ग्रॅम बर्फ. कोकणात त्यातला निम्म्याहून अधिक वाटा हवेतल्या बाष्पाचा असतो. ते बर्फावर येऊन पाणी होतं आणि होताना आपली उष्णता तिथे सोडतं. दिवसातून चाळीस वेळा झाकण उघडलं तरी हवेपायी अर्धाच किलो जातो. नुकसान होतं ते झाकण उघडं टाकून दहा मिनिटं लिंबू शोधण्यात. त्याहून मोठं नुकसान चहासाठी काढलेली दुधाची पिशवी अर्धा तास बाहेर राहून परत आत जाते तेव्हा. मुलांना ओरडण्याआधी मोठ्यांनी आपल्या गरम बाटल्या मोजाव्यात.

चार दिवसांची बेरीज करू. भिंतींचे १८ किलो, झाकणाचे २, एकूण २० किलो बर्फ. बर्फाच्या मधल्या फटी धरून तो २५ लिटर जागा घेतो. म्हणजे ५० लिटरच्या बॉक्सचा बरोबर निम्मा भाग. 'अर्धा बर्फ, अर्धं सामान' असं अनुभवी लोक सांगतात ते याचमुळे. सामान गरम घातलं तर २० चे २६-२७ किलो होतात आणि तेवढा बर्फ भरल्यावर खायचं ठेवायला जेमतेम एक-तृतीयांश जागा उरते.

मोठा साठा जास्त का टिकतो

१८३३ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. पोटात होता फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा १८० टन बर्फ, थंडीत गोठलेल्या तळ्यांमधून कापून काढलेला. जहाज मे महिन्यात निघालं आणि सप्टेंबरमध्ये पोचलं. वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडलं. यंत्र नाही, फोम नाही, फक्त लाकडाच्या भुशासारखं भरण. तरीही सुमारे १०० टन बर्फ शाबूत उतरला. पुढे मुंबई आणि मद्रासलाही असा बर्फ येऊ लागला, आणि मद्रासमध्ये त्याच्यासाठी बांधलेली इमारत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर आजही उभी आहे.

चार महिने बर्फ टिकला याचं कारण त्याच्या आकारात आहे. उष्णता शिरते पृष्ठभागातून आणि बर्फ मावतो आकारमानात. पेटीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो, पण आत मावणारा बर्फ आठपट. म्हणून २५ लिटरच्या दोन बॉक्सपेक्षा ५० लिटरचा एक बॉक्स तेवढ्याच बर्फावर जास्त वेळ थंड राहतो.

मग थंड पेयांसाठी वेगळा बॉक्स ठेवायला का सांगतात? कारण पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स दिवसभर उघडतो, त्यात पुन्हा पुन्हा गरम बाटल्या जातात आणि तो तिसऱ्या दिवशी कोमट झाला तरी कोणाचं पोट बिघडत नाही. पेयांना जुना, पातळ भिंतींचा बॉक्स किंवा थर्माकोलचा डबा चालतो. दूध, मांस, मासळीचा बॉक्स मोठा आणि चांगला हवा, आणि दिवसातून तीन-चार वेळाच, स्वयंपाकाच्या वेळी उघडला जायला हवा.

तयारी चार-पाच दिवस आधी

घरगुती फ्रीझर एका रात्रीत फार बर्फ जमवू शकत नाही. बाटल्या ठासून भरल्या तर हवा खेळत नाही आणि दोन दिवसांनीही मध्ये पाणीच सापडतं. रोज तीन-चार बाटल्या लावा, जमल्या की एका कोपऱ्यात रचा आणि नव्या लावा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही. प्लास्टिकच्या एक-दोन लिटरच्या बाटल्या यासाठी उत्तम, कारण वितळलेलं पाणी आत स्वच्छ राहतं आणि तेच शेवटी प्यायला मिळतं. बाजारात मिळणारे जेल पॅकही चालतात, पण त्यांच्यात बहुतांश पाणीच असतं. वजनाला वजन धरलं तर ते बर्फापेक्षा जास्त काम करतील ही अपेक्षा ठेवू नका.

खाण्याच्या वस्तू गोठवल्या तर त्याच बर्फाचं काम करतात. मांसात सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणी असतं, म्हणून तीन किलो गोठवलेलं चिकन साधारण दोन किलो बर्फाची जागा भरून काढतं. मसाला लावलेलं चिकन, खिमा, मटार, खवलेला नारळ, कांदा-खोबऱ्याचं वाटण हे सगळं एकेका जेवणाच्या हिशोबाने छोट्या डब्यांत किंवा पिशव्यांत चपटं पसरून गोठवा. ओला नारळ उन्हाळ्यात फार लवकर खराब होतो, पण खवून गोठवलेला छान टिकतो. दुधाची पिशवी गोठवली तर साय थोडी वेगळी होते, चहाला काही फरक पडत नाही. फक्त पिशवीची शिवण फुटू शकते, म्हणून ती डब्यात ठेवायची. पनीर गोठवल्यावर भुसभुशीत होतं, भुर्जी करायची असेल तरच गोठवा. काकडी, टोमॅटो, कोशिंबिरीच्या भाज्या गोठवू नयेत.

बॉक्स माळ्यावरून काढलेला असतो आणि त्याचं प्लास्टिक, फोम सगळं खोलीइतकंच गरम असतं. ते गार व्हायला अर्धा ते पाऊण किलो बर्फ जातो. आदल्या रात्री त्यात दोन-तीन गोठलेल्या बाटल्या टाकून झाकण लावून ठेवा आणि सकाळी त्या पेयांच्या बॉक्समध्ये हलवून याच्यात ताज्या भरा.

भरायचा कसा

संध्याकाळी दापोलीजवळच्या हर्णै बंदरातल्या लिलावानंतर मासळी भरणाऱ्यांकडे जरा उभं राहून बघावं. बर्फाचा मोठा तुकडा गोणपाटात घालतात, वरून दांडक्याचे घाव घालून त्याचा चुरा करतात. डब्याच्या तळाला चुऱ्याचा थर, त्यावर मासळी, पुन्हा चुरा, पुन्हा मासळी, शेवटी वर बर्फाचा जाड थर आणि झाकणाला चिकटपट्टी. मासा कुठेही दुसऱ्या माशाला नुसता टेकलेला नसतो, त्याच्या सगळ्या बाजूंना बर्फ लागलेला असतो. मधली हवा उष्णतेची वाईट वाहक, म्हणून शेजारी ठेवलेल्या बर्फाने वस्तू हळू गार होते आणि बर्फात पुरलेली झपाट्याने. उष्ण हवामानात माशाच्या वजनाइतका बर्फ घालावा असा साधा नियम आहे.

आपल्याला दोन्ही तऱ्हेचा बर्फ लागतो. चार दिवस पुरायचा साठा म्हणून मोठे तुकडे किंवा गोठलेल्या बाटल्या, कारण त्यांचा पृष्ठभाग कमी असतो आणि ते सावकाश वितळतात. आणि ताजी मासळी घेतली तर तिच्याभोवती चुरा, कारण तिला लगेच गार करायचं असतं. चुरा लवकर संपला म्हणून हळहळू नका, तो ज्या कामासाठी होता ते करूनच संपला.

तळाला गोठलेल्या बाटल्या आडव्या लावा. त्यावर कच्चं मांस आणि मासळी, घट्ट झाकणाच्या डब्यांत, पिशवीत नाही. पिशवी कितीही चांगली वाटली तरी प्रवासात टोचते, आणि कच्च्या चिकनचं पाणी एकदा बर्फाच्या पाण्यात उतरलं की बॉक्समधल्या सगळ्याच वस्तूंना ते लागतं. वर दूध, दही, लोणी, वाटणाचे डबे. सगळ्यात वर लगेच खायच्या वस्तू, आणि त्यांच्यावर पुन्हा थोडा बर्फ. गार हवा जड असते, ती खाली बसते, त्यामुळे वरचा थर नेहमी जास्त गरम असतो. तो वरचा बर्फ बहुतेक लोक विसरतात. चौथ्या दिवसाचं सामान तळाला आणि पहिल्या दिवसाचं वर, म्हणजे उलथापालथ करावी लागत नाही. काय कुठे आहे ते कागदावर लिहून झाकणाला चिकटवलं की शोधाशोधही वाचते. रिकामी जागा उरली तर टॉवेल किंवा वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. जसजसं सामान संपेल तशी ही जागा वाढत जाते, तेव्हा रोज भरत राहायची.

वितळलेलं पाणी काढायचं की ठेवायचं, यावर दरवेळी वाद होतो. बर्फ शिल्लक आहे तोवर ते पाणी शून्याच्या आसपासच असतं आणि डब्यांना सगळीकडून बिलगून गार ठेवतं. काढून टाकलं तर त्याच्या जागी गरम हवा येते. तेव्हा सगळं सामान पाणी न शिरणाऱ्या डब्यांत असेल तर पाणी राहू द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यातलं लोणी किंवा सैल पिशव्या असतील, किंवा उघडी मासळी असेल, तर काढा. मासळीच्या पेटीला तळाशी भोक ठेवतात ते रक्ताचं पाणी वाहून जावं म्हणून. मासळी त्या पाण्यात लोळत राहिली तर बर्फ असूनही लवकर बिघडते.

ठेवायचा कुठे

उन्हात ठेवलेल्या बॉक्सचं झाकण बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि भिंतींचा सगळा हिशोब कोलमडतो. सावली सरकते हेही लक्षात ठेवा: सकाळी दहाला सावलीत असलेला बॉक्स दुपारी दोनला उन्हात येतो. तापलेल्या वाळूवर थेट ठेवू नका, दोन फळ्यांवर किंवा दगडांवर उचलून ठेवा म्हणजे खालून हवा जाईल. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको, काचा बंद गाडीचं तापमान ५० अंशांच्या पुढे जातं. प्रवासातही डिकीऐवजी मागच्या सीटपाशी, एसीच्या हवेत ठेवला तर सहा-सात तासांत फरक पडतो.

बॉक्सवर ओलं गोणपाट टाकण्याची पद्धत चांगली आहे. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते, म्हणजे तेवढाच बर्फ वितळताना जाते त्याच्या सातपटीहून जास्त. पण पाण्याची वाफ व्हायला हवा कोरडी लागते. मराठवाड्यात किंवा विदर्भात एप्रिलच्या दुपारी ओलं गोणपाट भोवतालच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी गार होऊ शकतं. कोकणच्या दमट किनाऱ्यावर तीन-चार अंश मिळाले तरी समाधान मानावं. तिथे गोणपाटापेक्षा दाट सावलीचं महत्त्व जास्त.

पाच अंशांची रेघ

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बॉक्समध्ये अजून बर्फाचे तुकडे दिसतात म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. तळाला बर्फ असतानाही वरचा थर दहा-बारा अंशांवर गेलेला असू शकतो. नाशवंत अन्न ५ अंशांच्या खाली हवं. फ्रिजमध्ये ठेवायचा साधा डिजिटल थर्मामीटर स्वस्तात मिळतो. तो वरच्या थरात, दुधाशेजारी ठेवा आणि दर वेळी झाकण उघडलं की आधी तो आकडा वाचा.

५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वाढतात, आणि आपल्या उन्हाळ्यातली हवा त्यांना फारच मानवते. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एक हजारापासून सुरुवात केली तर पाच तासांत पंधरा वेळा दुप्पट, म्हणजे सव्वातीन कोटींच्या वर. म्हणून नाशवंत अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासापेक्षा जास्त नाही असा नियम आहे. एप्रिलमध्ये कोकणात दुपारी एकच तास धरा.

"चांगलं उकळून घेऊ, काही होत नाही" हे ऐकलं की काळजी वाटते. उकळल्याने जिवाणू मरतात, पण काहींनी तोवर अन्नात सोडलेलं विष तसंच राहतं. स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूचं विष उकळूनही नष्ट होत नाही. भातात बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, कोमट भातात वाढतात आणि उलटीचं विष तयार करतात. ते फोडणीच्या भाताच्या आचेलाही दाद देत नाही. बांगडा, तारली, कुपा या माशांत गरम हवेत हिस्टामिन तयार होतं. त्याने तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, आणि तळून किंवा रस्सा करून ते जात नाही. वाईट म्हणजे अशा माशाला दरवेळी वास येतोच असं नाही. मासा समुद्रातून निघाल्यापासून बर्फात होता का, हेच विचारून घ्यावं.

थर्मामीटर ५ च्या वर गेलेला दिसला आणि तसा तो दोन तासांहून जास्त होता अशी शंका असेल, तर कच्चं मांस, मासळी, दूध, शिजवलेला भात, अंड्याचे पदार्थ टाकून द्या. लोणी, घट्ट चीज, लोणचं, फळं यांना धोका नाही. जवळच्या दवाखान्यापर्यंत तास-दीड तासाचा घाट असेल आणि सोबत लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई असेल, तर दोनशे रुपयांच्या चिकनचा मोह धरू नये.

बॉक्सवरचं ओझं कमी करा

बॉक्समध्ये जे जातच नाही त्याला बर्फ लागत नाही. कांदे, बटाटे, लिंबं, आंबे, कच्चे टोमॅटो, आगळ, लोणचं, सुक्या चटण्या यांना बाहेर सावलीत टोपलीत ठेवा. आपल्याकडे किराणा दुकानात अंडी बाहेरच ठेवलेली असतात. तशी घेतली असतील तर चार दिवस सावलीत चालतात. पण एकदा फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी बाहेर काढली की त्यांना पाणी सुटतं, ती पुढेही गारच ठेवावी लागतात.

जेवणाचा क्रम बॉक्स बघून ठरवा. पहिल्या रात्री हर्णैची ताजी मासळी, घेतली त्याच दिवशी संपवायची. दुसऱ्या दिवशी वितळत आलेलं चिकन. तिसऱ्या दिवशी मटार-पनीरची भुर्जी किंवा तळाशी गोठून राहिलेला खिमा, तोही घट्ट आणि थंडगार असेल तरच. चौथ्या दिवशी बॉक्सची गरजच पडू नये: भाजणीचं थालीपीठ, पिठलं, सोड्यांची खिचडी, सुक्या जवळ्याची चटणी. फ्रिज नव्हते तेव्हाही कोकणातल्या घरांनी अख्खा पावसाळा या सुक्या मासळीवर काढला आहे. चहासाठी शेवटच्या दिवशी दुधाची पावडर सोबत असली की जीव टांगणीला राहत नाही.

मधे बर्फ विकत घ्यायचा तर बंदरावर आणि मोठ्या गावांत मिळतो. पण मासळीसाठीचा कारखान्यातला बर्फ खाण्यासाठी नसतो. त्याच्या पाण्याच्या शुद्धतेची खात्री नसते. दोन्ही ओळखता यावेत म्हणून २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायला सांगितलं. निळा दिसो वा पांढरा, अशा बर्फाचा एकही तुकडा सरबतात टाकू नका. बंद डब्यांभोवती तो बिनधास्त वापरा, आणि डबे उघडण्याआधी बाहेरून पुसून घ्या.

बर्फात मीठ टाकायचा सल्लाही कोणीतरी देतं. मिठाने बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, उणे २१ अंशांपर्यंत, म्हणून तर कुल्फी जमते. पण त्यासाठी बर्फ झपाट्याने वितळतो. चार दिवस पुरवायचा असेल तर मीठ लांब ठेवा. कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा असतो आणि मोठ्या शहरांत मिळतो. तो थेट वायू होतो. घट्ट बंद डब्यात ठेवला तर डबा फुटतो, आणि बंद गाडीत किंवा तंबूत तो वायू साठला तर माणूस गुदमरतो. उघड्या हाताने धरला तर कातडी जळते. मुलं सोबत असलेल्या कॅम्पला तो नेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन.

परत आल्यावर बॉक्स साबणाच्या गरम पाण्याने धुवा, झाकणाची रबरी पट्टी आणि तळाची बूच लावायची नळी ब्रशने घासा, कारण मासळीचा वास तिथेच अडकतो. उलटा घालून पूर्ण वाळवा आणि माळ्यावर टाकताना झाकणात एक काडी अडकवून फट राहू द्या.